लाल फडक्यातली फिरंगीण

माझ्याकडे एक पुस्तक होतं. त्याचं नाव मला ठाऊक नाही, आणि ते लिहिणाऱ्याचंही नाही. आयुष्यात ज्या थोड्या माणसांना मी मनापासून जीव लावला त्यांतला तो एक, पण त्याचं नाव विचारलंत तर मला गप्प बसावं लागेल. दोष आमच्या महाडच्या बायंडरचा. माझे वडील शाळामास्तर, आणि त्यांना कादंबऱ्यांचा नाद. पुण्याहून टपालानं पुस्तकं यायची. ती दोनदा वाचून झाली की वडील ती बाजारपेठेत पुठ्ठ्यात बांधायला द्यायचे. त्या बायंडरला कापण्याचा भारी सोस. कडा सरळ करता करता त्यानं ह्या पुस्तकाची सुरुवातीची चार पानंच उडवली आणि वर म्हणाला, "गोष्ट जिथून सुरू होते तिथून सगळं ठेवलंय, मास्तर." वडील आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

सावित्रीला पाणी आलं की आमच्या गल्लीत शिरायचं, म्हणून पुस्तकं माळ्यावर असायची. माळ्यावर एक काचेचं कौल होतं, त्याखाली बसलं की दुपारी छान दिसायचं. मुलींनी कादंबऱ्या वाचू नयेत असं वडिलांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी कादंबरी हातात धरूनच सांगितलेलं असल्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नाही. तेरा-चौदा वर्षांची होते. भाताच्या कणग्यांना पाठ टेकून मी ते पुस्तक उघडलं आणि आईनं तीनदा हाका मारल्या तरी उतरले नाही. तिसऱ्या हाकेनंतर काय मिळालं ते सांगण्यात अर्थ नाही.

गोष्ट होती जुन्या काळातली. डोंगरी किल्ल्यावरच्या किल्लेदाराचा मुलगा समुद्रकाठच्या लढाईत सापडतो आणि फिरंग्यांच्या कोटात कैद होतो. तिथल्या तोफा डागणाऱ्या गोलंदाजाची मुलगी कैद्यांना पेज वाढायला येते. पेजेत मीठ नसतं. तीन दिवस तो ती अळणी पेज खातो. चौथ्या दिवशी ती मुलगी परकराच्या घडीतून चिमूटभर मीठ काढते आणि त्याच्या तळहातावर ठेवते. मिठाला तिच्या भाषेत काय म्हणतात ते ती सांगते, तो म्हणतो, "मीठ." बस्स. इतक्यावर त्या लेखकानं दोन पानं लिहिली होती, आणि त्या दोन पानांत प्रेम हा शब्द एकदाही नव्हता. तिनं बोटं कशी झटकली, त्यानं मूठ कशी मिटली, पेज निवेपर्यंत ती मूठ त्यानं कशी उघडलीच नाही, एवढंच. मी त्या वयातही ओळखलं की हा माणूस वेगळा आहे. तेव्हाच्या इतर कादंबऱ्यांत नायिका दिसली की चंद्र, कमळ, हरिणी ह्यांची रांग लागायची आणि नायिका त्यांच्यामागे दिसेनाशी व्हायची. ह्यानं तिच्या नाकावरचे तीळसुद्धा मोजून सांगितले होते.

लग्न होऊन मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत आले, तेव्हा ते पुस्तक लुगड्यांच्या घडीत घालून आणलं. वडिलांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. फळीवरची रिकामी जागा त्यांना दिसली नसेल असं मात्र नाही.

माझे यजमान मुंबईला गोदीत. वर्षातून दोनदा यायचे. माझी सासू मी येण्याआधीच गेली होती, तेव्हा मला सुनेचं वळण लावायचं काम चुलत सासूकडे आलं. आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो. तिचं घर आणि आमचं घर एकाच अंगणात. बाई उंच, हाडापेरानं मोठी, तोंडानं तिखट. तिला अक्षरओळख नव्हती, पण ऐकलेलं काही विसरायची नाही. मला पहिल्या आठवड्यात म्हणाली, "शिकलेली हायस ना गो, मंग चुलीचा धूर कुठं जातो तेवडं वाचता येतं का बघ." मी रडले. पुढे आमचं चांगलं जमलं.

काकीला एकच मुलगा. तोही मुंबईला, गिरणीत. एका वर्षी शिमग्याला तो आला नाही, त्याचं पत्र आलं. त्यानं लग्न केलं होतं. मुलगी तेलंगी, त्याच्याच गिरणीत काम करणारी. आपल्या जातीची नाही, आपल्या भाषेची नाही. ते पत्र वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली, कारण वाडीत वाचता येणारं दुसरं कोणी त्या दिवशी नव्हतं. काका, म्हणजे काकीचे यजमान, पडवीत उभे होते. सगळं ऐकून म्हणाले, "आमाला तो मेला." अंघोळ करून आले आणि जेवायला बसले. त्या दिवसापासून त्या घरात त्याचं नाव निघालं नाही. भावकीनं वाहवा केली. भावकीला दुसऱ्याच्या घरात कडक वागलेलं नेहमी आवडतं.

काकी जेवताना भाकरी मोडून हातात धरून ठेवायची, आणि मग तशीच गुरांच्या टोपलीत टाकायची. हे मी रोज पाहत होते.

लावणी उरकली आणि श्रावण लागला. श्रावणात आमच्याकडे दुपारची पोथी असे. काकीच्या माजघरात दहा-बारा बायका जमायच्या. पाटावर पोथी, तिच्यावर लाल फडकं, हळदकुंकू, फूल. नेहमी पोथी वाचणाऱ्या म्हाताऱ्याला त्या वर्षी मोतीबिंदू झाला आणि काम माझ्याकडे आलं. म्हातारा एकेक ओवी आळवून महिनाभर पुरवायचा. मला कोण आळवायला शिकवणार? मी शाळेत शिकले तशी धडाधड वाचत सुटले आणि बाराव्या दिवशी पोथी संपवून मोकळी झाले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "संपली? अजून अर्धा महिना हाय की!" दुसरी म्हणाली, "ही पोथी वाचते का भात झोडपते?" श्रावणात पोथीचा पाट रिकामा ठेवायचा नसतो. आता काय करायचं?

आणि माझ्या तोंडून गेलं, "माझ्याकडे दुसरी आहे. माहेरची."

हे खोटं मी का बोलले? एक तर माझी शिकलेलीची ऐट धुळीला मिळत होती. दुसरं, मला ते पुस्तक कुणाला तरी वाचून दाखवायचं होतं. एखादी फार चांगली गोष्ट एकट्यानं किती दिवस जवळ ठेवायची? दुसऱ्या दिवशी मी ती कादंबरी त्याच लाल फडक्यात गुंडाळून पाटावर ठेवली. काकीनं तिला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला.

"ओव्या नाहीत हिच्यात," मी आधीच सांगून टाकलं. "साधं बोलणंच आहे."

"बरं झालं," काकी म्हणाली. "समजंल तरी."

पहिल्या दिवशी लढाई झाली. बायका शांतपणे वाती वळत ऐकत होत्या, लढाया त्यांना पोथीमुळे सवयीच्या होत्या. फिरंग्यांना त्यांनी राक्षसांच्या जागी बसवलं आणि पुढे चालल्या. दुसऱ्या दिवशी ती गोलंदाजाची मुलगी आली. एकीनं विचारलं, "ही कंच्या देवाची?" मी म्हटलं, "त्यांच्यात वेगळा देव असतो." "मंग ही राक्षसीण?" तेवढ्यात काकी म्हणाली, "पुढं तर वाच. परकरात मीठ घेऊन आलीय ती, बघू काय करते."

मी मिठाची ती दोन पानं वाचली. ह्या वेळी धडाधड नाही. ज्या चालीनं त्यानं लिहिली होती त्याच चालीनं. वाचून झाल्यावर वर पाहिलं तर एकीच्याही हातातली वात हलत नव्हती. मग काकीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. पाठोपाठ सगळ्या बायकांनी लावले. पोथीत देवानं कृपा केली की जोडतात तसे. मला हसू यायला हवं होतं. पण माझे डोळे भरून आले. त्या लेखकाला हे दिसायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. पुण्यामुंबईच्या कुठल्या विद्वानानं त्याच्या पुस्तकाला असा नमस्कार केला असेल?

त्यानंतर दुपारी माजघरात जागा मिळेना. शेजारच्या वाडीतून बायका डोक्यावर इरलं घेऊन यायला लागल्या. ती दोघं एकमेकांना शब्द शिकवायची, तो भाग तर दोनदा वाचावा लागला. ती "पाणी" म्हणायला जाते आणि तिच्या ओठांना ते जमत नाही. तो हसत नाही, परत म्हणून दाखवतो. कोटातून पळून ती दोघं खाडीनं वर येतात, तेव्हा लेखकानं सावित्रीचं नाव घेतलं, आणि बायका एकदम सरसावून बसल्या. आमची नदी! पोथीतल्या नद्या नेहमी लांबच्या. दासगावच्या बंदरापाशी होडी गाळात रुतते, ती मुलगी परकर खोचून गुडघाभर चिखलात उतरते आणि होडी ढकलते. "आपल्यावानीच हाय गो ती," एक म्हातारी म्हणाली. तिला राक्षसीण म्हणणारी हीच म्हातारी.

काकी सगळ्यात पुढे बसायची. तिचं ऐकणं काही निराळंच. ती घटनांकडे लक्ष द्यायची नाही, माणसांच्या हातांकडे द्यायची. "रागावला तेव्हा त्यानं काय केलं? पागोटं काढून परत बांदलं? मंग खरा रागावला." मी ते पुस्तक तोवर सात वेळा वाचलं होतं, पण लेखक ह्या युक्तीनं लिहितो हे मला काकीमुळे कळलं. हा माणूस मनातलं कधी सांगत नाही, हात काय करतात ते सांगतो, आणि मन आपोआप कळतं. वडिलांनी दोन वेळा वाचलं, मी सात वेळा, आणि मर्म सांगितलं अंगठा उठवणाऱ्या बाईनं.

पडवीत काका अंबाडीचे दोर वळत बसलेले असायचे. ते पोथीला बसत नसत, बायकांचं काम म्हणून. पण त्या श्रावणात त्यांनी इतके दोर वळले की वाडीतल्या सगळ्या बैलांना दोनदोन दावी पुरली असती. दार उघडंच असायचं. एकदा पानं उलटताना माझा आवाज खाली गेला, तर पडवीतून खाकरणं ऐकू आलं. काकीनं माझ्याकडे पाहिलं, मी मोठ्यानं वाचायला लागले.

अशातच पत्र आलं. पोलादपूरहून टपालवाला आठवड्यातून दोनदा वर चढायचा. काका शेतावर होते, काकीनं मला मागच्या दारी बोलावलं आणि पदराखालून कार्ड काढलं. तिच्या मुलाचं होतं, पण पत्त्यावर माझं नाव, म्हणजे बापाच्या हाती पडलं तरी फाटू नये. त्यानं लिहिलं होतं की गणपतीला रजा मिळते आहे. दोघांनी यावं का? तिला गौरीत ओवसा भरायची फार इच्छा आहे, चाळीतल्या बायकांनी तिला सगळं सांगितलं आहे. नको असेल तर तसं कळवा, पुन्हा विचारणार नाही.

ओवसा म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. नवी सून लग्नानंतरच्या गौरीत सुपात पानं, फळं, काकडी, पानसुपारी घेऊन गौरीला ओवाळते आणि मग ते सूप घरातल्या मोठ्यांच्या पुढे धरते. ते सूप सासूनं हातात घेतलं की ती त्या घरची झाली. लग्न मुंबईला कसंही लागो, आमच्या बायकांच्या लेखी लग्न ते. आणि सूप कुणी घेतलं नाही, तर तिला सगळ्या वाडीदेखत तसंच परत जावं लागणार.

काकीनं कार्ड परत घेऊन ओळींवरून बोट फिरवलं. जणू तिला वाचता येत होतं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"थांब. पोथी संपू दे."

पण शेवट मला माहीत होता.

शेवट असा होता. किल्लेदाराच्या मुलाला स्वारीवर जावं लागतं. तो तिला सांगतो, माझ्या आईकडे जा, किल्ल्यावर. ती एकटी पावसात गड चढते. पोचते तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि दरवाजा बंद झालेला असतो. किल्लेदार म्हणतो, मावळतीनंतर दरवाजा उघडायचा नाही हा नियम आहे, फिरंग्याच्या पोरीसाठी तो मोडणार नाही. आई आतून ऐकत असते. तीही पुढे होत नाही. सकाळी दरवाजा उघडतात.

आता तुम्हीच सांगा, ज्या बाईचं उत्तर ह्या पोथीवर टांगलेलं आहे तिच्यापुढे हे वाचायचं? काकी नशिबावर विश्वास ठेवणारी. पोथीतच असं झालं म्हणजे अशा लग्नाचं असंच व्हायचं, तेव्हा नकोच ते, असं तिनं ठरवलं तर? आणि तो मुलगा पुन्हा विचारणार नव्हता. माझ्या खोट्यापायी एका सुनेचं सूप मोकळं राहणार होतं. पोथी संपायच्या आधीचे दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

शेवटी मी ठरवलं की शेवट बदलायचा. पाठ करून ठेवला. शेवटच्या दिवशी बायकांनी माजघर भरून गेलं होतं. पावसाची सर, चढण, मिटलेला दरवाजा, इथपर्यंत जसंच्या तसं वाचलं. मग पुस्तकावरून नजर न उचलता माझं सुरू केलं. किल्लेदाराचं हृदय द्रवलं. त्याच्या मनात वात्सल्याचा पूर आला. दरवाजे उघडले, सासूनं सुनेला पोटाशी धरलं आणि सर्वांच्या आनंदाला पारावार उरला नाही.

बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकदोघी डोळे पुसत होत्या. मी पुस्तक मिटायला गेले.

"थांब गो," काकी म्हणाली. "हे त्याचं नाय."

"म्हणजे?"

"हा मानूस असा बोलत नाय. पंधरा दिस आयकतेय मी त्याला. हृदय द्रवलं, पूर आला, असलं काय तो कदी बोललाय? तिनं पोटाशी धरलं तर हात कुठं होते तिचे? पाठीवर की डोक्यावर? हे तुजं हाय. त्याचं काय हाय ते वाच."

लाजेनं माझे कान तापले. सात वेळा वाचूनही मला त्याचं एक वाक्य धड चोरता येत नव्हतं, आणि ह्या बाईनं तीन ओळींत चोर पकडला. पुस्तकाचं ह्याहून मोठं कौतुक मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मग मी खरं वाचलं. सकाळी दरवाजा उघडतात. ती उंबऱ्याला टेकून बसलेली असते, पण तिच्यात जीव नसतो. किल्लेदार मागे वळून निघून जातो. त्याची बायको खाली बसते. लेखक तिला रडवत नाही, बोलवतही नाही. ती फक्त त्या मुलीचे भिजलेले केस दोन्ही हातांत घेते आणि पिळते. घरात न्हालेल्या लेकीचे पिळावेत तसे. पाणी निथळायचं थांबलं तरी ती पिळतच राहते. तिथं पुस्तक संपतं.

तिला आधी राक्षसीण म्हणालेल्या म्हातारीनं किल्लेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि बायका एकदम बोलायला लागल्या. काकी मात्र पुस्तकाकडे बघत होती.

"फलश्रुती वाच," ती म्हणाली.

प्रत्येक पोथीच्या शेवटी ती असते. ही कथा ऐकेल त्याला काय मिळेल, कुणाला संतान, कुणाला आरोग्य, ते सांगणाऱ्या ओव्या. मी म्हटलं, "हिच्यात नाही, काकी."

"अशी कशी पोथी, फळ नसलेली?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं. ही पोथी नाही. कादंबरी आहे, कुणा माणसानं स्वतःच्या मनानं लिहिलेली. ह्यात देव नाही. मी खोटं बोलले.

माजघरात हलकल्लोळ झाला. "मंग आमी हळदकुंकू कुनाला वाहिलं?" एकजण ओरडली. "इतके दिस हात कुनाला जोडले?"

"त्या पोरीला," काकी म्हणाली. "दुसऱ्या कुनाला?"

ती इतक्या सहज म्हणाली की ओरडणारी खालीच बसली. मग काकी उठली, फळीवरून कोरं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे पाटावर ठेवलं. दार उघडं होतं, पडवीत काका होते, माजघरभर बायका कान टवकारून बसल्या होत्या. मी हळूच म्हटलं, "काकी, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच. फळ नाय तर मी सांगते फळ. लिही."

मी दौत उघडली.

"लिही, दोगं या. गौरीच्या आदल्या दिशी या. बुरडाकडं सूप सांगितलंय, मोटं नको, तिच्या हाताला पेलंल असं. ओवाळायला येत नसंल तर मी दाखवीन. तिला म्हनावं, भाषा येत नाय म्हनून गप बसू नको, आमी शिकवू." इथं ती पाटाजवळ खाली बसली. "आन् लिही, तुजी आई वाट बघते."

बायकांतली एक हळूच उठून निघून गेली, तिच्यामागे दुसरी. भावकीतल्या होत्या, घरी जाऊन सांगायची घाई असणार. बाकीच्या बसून राहिल्या. मी लिहीत होते आणि माझं अर्धं लक्ष पडवीकडे होतं. दोर वळण्याचा आवाज थांबला होता. काकी तिकडे बघत नव्हती, पण तिनं दोन्ही हातांनी पाट घट्ट धरून ठेवला होता. काका आत येऊन कार्ड फाडतील, असं आम्हां सगळ्यांनाच वाटत होतं.

ते दारात आले. हातात अर्धा वळलेला दोर तसाच होता. ते आत पाहत नव्हते, उंबऱ्याकडे पाहत होते.

"मोटार पोलादपूरला कवा येते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दिवेलागणीला, काका. पाऊस असला की उशीरही होतो."

"मंग त्याला लिही," ते म्हणाले, "कितीबी उशीर झाला तरी मी मोटारीपाशी उभा हाय. तिला पावसात उभी करू नको म्हनावं."

काकीनं पदर तोंडाला लावला. कार्डावर जागा उरली नव्हती, म्हणून ते वाक्य मी कडेला उभं लिहिलं.